परिचय पुस्तिकेतील घर आणि कायद्यातील घर

विवाहेच्छुकांच्या परिचय पुस्तिकेत मुलाच्या नावापुढे गोत्र, मामाचे गोत्र, शिक्षण आणि व्यवसाय यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक ओळ ठळकपणे दिसू लागली आहे : ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’. मुलीकडच्या मंडळींना त्या ओळीने धीर येतो. स्थळ पसंत करताना घराण्याची चौकशी दहा ठिकाणी होते. परंतु तो फ्लॅट नेमका कोणाच्या नावे आहे, इसार कोणी दिला, कर्ज किती आहे आणि हप्ते पुढे कोणाच्या खात्यातून जाणार आहेत, हे विचारणे दोन्ही बाजूंना अवघड वाटते. संसार सुखाचा झाला, तर हे प्रश्न कधी उद्भवतही नाहीत. दुर्दैवाने तो मोडला, तर मात्र वकिलाच्या टेबलावर पहिला कागद याच घराचा येतो.

मलकापूरसारख्या गावात हा प्रश्न दुपदरी आहे. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या अनेक कुटुंबांची आता दोन घरे असतात. एक गावातले, पेढीच्या मागे किंवा वर, आजोबा-पणजोबांनी बांधलेले. दुसरे पुण्यात वा नागपुरात, नोकरी करणाऱ्या मुलाने लग्नापूर्वी घेतलेले. सून दोन्ही घरांत वावरते. सणावारी एकात, एरवी दुसऱ्यात. घटस्फोटाची वेळ आली की ‘यातले माझे कोणते?’ हा तिचा प्रश्न आणि ‘लग्नाआधी घेतलेल्या घराशी तिचा काय संबंध?’ हा सासरचा प्रश्न समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या म्हणण्यात थोडे तथ्य असते, आणि दोघांचाही थोडा गैरसमज असतो.

गैरसमजाचे मूळ एकच आहे. घराची मालकी, घरात राहण्याचा हक्क आणि निर्वाहाचा हक्क या तीन गोष्टी व्यवहारात एकत्र बोलल्या जातात. कायद्यात मात्र ती तीन स्वतंत्र खाती आहेत. एका खात्याची शिल्लक दुसऱ्या खात्यावर दाखवता येत नाही, हे ज्यांना रोजच्या खतावणीत समजते, त्यांना हा विषयही समजण्यास कठीण जाऊ नये.

कायदा कोणता?

प्रथम एक शंका दूर करणे आवश्यक आहे. जैन समाजास २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करण्यात आले. त्यामुळे हिंदू विवाह कायदा जैनांना लागू होतो किंवा कसे, असा संभ्रम काही ठिकाणी निर्माण झाला. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने २०२५ च्या प्रारंभी एका जैन दाम्पत्याचा परस्परसंमतीचा घटस्फोट अर्ज याच कारणास्तव नाकारला. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जामुळे तो उल्लेख पुसला जात नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाही त्याच रीतीने जैनांना लागू आहे.

स्त्रीच्या मालमत्तेविषयी जैन परंपरा कधीच अनुदार नव्हती, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. ब्रिटिश अमदानीत १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने एका प्रसिद्ध निवाड्यात जैन रूढी मान्य करून असे ठरविले की, निपुत्रिक जैन विधवेस पतीच्या अनुमतीवाचून दत्तक घेता येते आणि पतीच्या स्वकष्टार्जित संपत्तीवर तिचा पूर्ण अधिकार असतो. इतर हिंदू विधवांना त्या काळी केवळ हयातीपुरता मर्यादित हक्क मिळत असे. पुढे १९२६ मध्ये बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी ‘जैन लॉ’ हा ग्रंथ लिहून या परंपरेची मांडणी केली. स्वातंत्र्यानंतर सर्वांसाठी एकच कायदा झाला आणि १९५६ च्या कायद्यातील कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता ही तिची पूर्ण मालकीची ठरविली.

पहिले खाते : मालकी

विवाहाने मालकी बदलत नाही, हा महाराष्ट्रातील मूळ नियम आहे. पतीने लग्नापूर्वी स्वतःच्या नावे खरेदी केलेला फ्लॅट लग्नानंतरही त्याचाच राहतो आणि घटस्फोटानंतरही त्याचाच राहतो. पत्नीने लग्नापूर्वी घेतलेले घर तिचेच राहते; पतीला त्यावर विवाहामुळे कोणताही हक्क प्राप्त होत नाही. दहा वर्षे एकत्र राहिल्यावर आपोआप निम्मा हिस्सा मिळतो, ही समजूत चित्रपटांतून आणि परदेशी बातम्यांतून आलेली आहे. तसा कायदा येथे नाही.

तसा कायदा करण्याचा एक प्रयत्न झाला होता. विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती करणारे विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेत ते संमत होण्यापूर्वीच पंधराव्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले.

हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ न्यायालयाला मालमत्तेविषयी आदेश देण्याचा अधिकार देते. पण तो विवाहाच्या निमित्ताने मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंपुरता आहे. महाराष्ट्रातील एका दाम्पत्याच्या प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा वस्तू लग्नाच्या दिवशीच दिलेल्या असाव्यात असे नाही; लग्नाआधी वा नंतर दिलेल्या, परंतु विवाहाशी संबंध असलेल्या वस्तूही त्यात येतात. तथापि, पतीने विवाहाशी संबंध नसताना स्वतःसाठी घेतलेले घर या कलमाच्या कक्षेत येत नाही.

मग मालकी ठरते कशावरून? नोंदणीकृत खरेदीखतावरून. नगरपरिषदेच्या कर आकारणीतील नाव, वीजबिलावरील नाव, मिळकत पत्रिकेवरील फेरफार हे पूरक पुरावे आहेत. त्यांनी मालकी निर्माण होत नाही. वैवाहिक कलहात अनेकदा घाईघाईने करपावतीवर नाव चढविले किंवा उतरविले जाते. न्यायालयात त्याचा फारसा उपयोग होत नाही. उलट हेतूविषयी शंका मात्र निर्माण होते.

हप्त्यांचे गणित

खरी गुंतागुंत कर्जाने होते. उदाहरणादाखल एक हिशेब पाहावा. समजा, एका तरुणाने लग्नापूर्वी ४० लाख रुपयांचा फ्लॅट घेतला. १० लाख रुपये स्वतःचे व वडिलांचे, आणि ३० लाख रुपयांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्याच्या सुमारास विवाह झाला. पत्नीही नोकरी करते आणि ती दरमहा १२,००० रुपये हप्त्याच्या खात्यात भरते. आठ वर्षांनी दोघे विभक्त होण्याचे ठरवितात.

या आठ वर्षांत ९६ हप्त्यांपोटी बँकेत सुमारे २५ लाख रुपये भरले गेले. पत्नीचा त्यातील वाटा ११ लाख ५२ हजार रुपये. परंतु कर्जाची बाकी मात्र ३० लाखांवरून केवळ साडेतेवीस लाखांच्या आसपास आली. म्हणजे मुद्दल फिटले अवघे साडेसहा लाख; उरलेले सुमारे साडेअठरा लाख व्याजात गेले. पत्नी म्हणते, ‘साडेअकरा लाख मी घरात घातले.’ पती म्हणतो, ‘तू घरखर्चाला हातभार लावलास; भाड्याने राहिलो असतो तरी तेवढा खर्च झालाच असता.’ दोघांच्याही बोलण्यात तर्क आहे, आणि खरेदीखतावर पत्नीचे नाव नाही.

अशा स्थितीत तिला मालकीहक्क मागता येत नाही. तिने दिलेली रक्कम परत मागता येते. पण ती कर्ज म्हणून दिली होती, भेट म्हणून दिली होती की संसाराचा वाटा म्हणून, हे तिलाच सिद्ध करावे लागते. तिच्या खात्यातून थेट गृहकर्ज खात्यात गेलेली रक्कम दाखविता येते. पगार पतीच्या हाती देऊन त्याने पुढे भरलेली रक्कम दाखविणे जवळपास अशक्य असते.

याहून बिकट अवस्था सहकर्जदाराची असते. अधिक कर्ज मंजूर व्हावे म्हणून बँक पत्नीचे उत्पन्न जमेस धरते आणि कर्जाच्या कागदांवर तिची स्वाक्षरी घेते. त्या स्वाक्षरीने तिच्यावर संपूर्ण कर्जाची जबाबदारी येते. मालकी मात्र तसूभरही येत नाही. मालक नसल्यामुळे गृहकर्जावरील आयकर सवलतही तिला घेता येत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा पती-पत्नींवर बंधनकारक असतो, बँकेवर नव्हे. बँकेने लेखी मुक्त केल्याखेरीज सहकर्जदार मुक्त होत नाही. पुढे पतीने हप्ते थकविले, तर वेगळ्या घरात राहणाऱ्या स्त्रीच्या पतगुणांकावर त्याचा परिणाम होतो आणि स्वतःच्या घरासाठी तिला कर्ज मिळणे कठीण होते.

याच्या नेमके उलट चित्रही दिसते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे निवासी मिळकत खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती मिळावी म्हणून, अथवा धंद्यातील देणेकऱ्यांपासून घर सुरक्षित राहावे म्हणून, पैसे पतीचे आणि नाव पत्नीचे असा व्यवहार केला जातो. बेनामी व्यवहार कायद्यात पती वा पत्नीच्या नावे ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला अपवाद आहे. म्हणून तो व्यवहार बेनामी ठरत नाही आणि पतीला आपला हक्क सांगण्याची वाट उघडी राहते. मात्र पैसा आपला होता आणि तो भेट म्हणून दिला नव्हता, हे त्याला पुराव्यानिशी दाखवावे लागते. सवलत घेताना घर पत्नीचे आणि कलह होताच आपले, ही भूमिका न्यायालयात मांडणे सोपे नसते.

दुसरे खाते : निवास

मालकी नाही म्हणजे पत्नीला दुसऱ्याच दिवशी घराबाहेर काढता येते, असा अर्थ काढणे ही सासरच्या बाजूची सर्वांत मोठी चूक ठरते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १७ नुसार सामायिक निवासाच्या घरात राहण्याचा स्त्रीला हक्क आहे, मग त्या घरात तिचा मालकीहक्क असो वा नसो. कायद्याने ठरविलेल्या मार्गाखेरीज तिला तेथून काढता येत नाही. पतीने लग्नापूर्वी घेतलेल्या, परंतु दोघे राहत असलेल्या फ्लॅटला हा नियम सरळ लागू होतो.

गावातील वडिलोपार्जित किंवा सासू-सासऱ्यांच्या नावच्या घराचे काय, हा वाद मात्र चौदा वर्षे चालला. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, घर पतीच्या मालकीचे किंवा त्याने भाड्याने घेतलेले असेल, अथवा पती सदस्य असलेल्या अविभक्त कुटुंबाचे असेल, तरच ते सामायिक निवासाचे घर. केवळ सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत बदलले. दिल्लीतील एका सासऱ्याने आपल्या स्वकष्टार्जित घरातून सुनेला काढण्यासाठी दावा केला होता. न्यायालयाने ठरविले की, घर सासऱ्याचे असले तरी सून तेथे कौटुंबिक नात्याने आणि स्थायी स्वरूपात राहिली असेल, तर ते सामायिक निवासाचे घर होऊ शकते.

त्याच निर्णयात दुसरी बाजूही सांभाळलेली आहे. सुनेचा हा हक्क अबाधित नाही; वृद्ध सासू-सासऱ्यांना शांततेने जगण्याचाही अधिकार आहे आणि दोहोंचा तोल न्यायालयाने राखावयाचा आहे. त्यासाठी तिला त्याच दर्जाचे पर्यायी घर देण्याचा अथवा त्याचे भाडे देण्याचा आदेश कलम १९ अन्वये होऊ शकतो. सणावारी चार दिवस येऊन जाणे हे स्थायी वास्तव्य नव्हे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मलकापूरचे घर की पुण्याचा फ्लॅट, हे त्यामुळे प्रत्यक्ष वास्तव्याच्या पुराव्यावर ठरते.

हा निवासाचा हक्क वैवाहिक नात्याला जोडलेला आहे, याचा विसर पडू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मधील एका निकालात, घटस्फोट झालेल्या पत्नीला कलम १७ खालील निवासाचा हक्क सांगता येणार नाही, असे मत दिले. म्हणून घटस्फोटाचा दावा प्रलंबित असतानाची स्थिती आणि हुकूमनाम्यानंतरची स्थिती वेगळी असते. हुकूमनामा होण्यापूर्वीच स्त्रीने आपल्या पुढच्या छताची व्यवस्था न्यायालयासमोर मांडून घ्यावी, असे अनुभवी वकील सांगतात ते याचसाठी.

घर पत्नीचे असेल, तर पतीला असे निवासाचे संरक्षण नाही. २००५ च्या कायद्याखाली दाद मागता येते ती स्त्रीलाच.

तिसरे खाते : निर्वाह

घर पतीचेच राहिले, म्हणून ते हिशेबातून सुटले असे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावा चालू असताना आणि कलम २५ खाली निकालानंतर कायमस्वरूपी पोटगी ठरविताना पतीची एकूण मालमत्ता विचारात घेतली जाते. लग्नापूर्वी घेतलेले घरही त्यात येते. इतकेच नव्हे, तर आवश्यकता वाटल्यास पोटगीच्या रकमेचा बोजा स्थावर मिळकतीवर ठेवण्याचा अधिकार कलम २५ न्यायालयाला देते.

या बाबतीत संपूर्ण देशाला लागू झालेले मार्गदर्शन विदर्भातूनच गेलेल्या एका प्रकरणात मिळाले. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ मध्ये एका पत्नीने स्वतःसाठी व लहान मुलासाठी पोटगी मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलेल्या निकालाने अशी सर्व प्रकरणे सात-सात वर्षे रेंगाळू नयेत म्हणून नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात दिलेच पाहिजे. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळाली पाहिजे.

बुलढाणा जिल्हा नागपूर खंडपीठाच्याच अधिकारक्षेत्रात येतो. व्यापारी कुटुंबाला या प्रतिज्ञापत्राचा अर्थ नीट समजला पाहिजे. मुलगा पेढीवर बसतो, पण पेढी वडिलांच्या नावे, मोटार फर्मची, घर अविभक्त कुटुंबाचे, मुलाच्या नावे उत्पन्न नाममात्र, असे चित्र रंगविले जाते. बँकेची खातेउतारे, आयकर व जीएसटीची विवरणपत्रे, कर्ज घेताना बँकेला दिलेली उत्पन्नाची माहिती यांतून ते चित्र लवकरच पुसले जाते. कर्जासाठी दाखविलेले उत्पन्न एक आणि पोटगीसाठी दाखविलेले दुसरे, ही विसंगती कोणत्याही न्यायाधीशाच्या नजरेतून सुटत नाही.

अविभक्त कुटुंबाच्या घराविषयी आणखी एक बारकावा आहे. सून त्या कुटुंबाची सदस्य असते, परंतु सहदायाद नसते. तिला स्वतः वाटणी मागता येत नाही. मात्र पती आणि त्याचे मुलगे यांच्यात वाटणी झालीच, तर पत्नीला मुलाइतका वाटा मिळतो, ही रीत महाराष्ट्रात मान्य आहे.

स्त्रीधन : चौथे, विसरले जाणारे खाते

घराच्या वादात स्त्रीधनाचा प्रश्न बहुधा दडलेला असतो, कारण अनेक घरांचा पहिला इसार सोने मोडून दिलेला असतो. माहेरचे दागिने, सासरकडून चढविलेले दागिने, लग्नात तिला मिळालेल्या भेटी या सर्वांवर तिची एकटीची मालकी असते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले : ते दागिने सासरी ठेवले असले तरी ती ठेव आहे, आणि ठेव परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी पुन्हा स्पष्ट केले की, स्त्रीधन ही पती-पत्नींची संयुक्त मालमत्ता नव्हे. पती अडचणीत ते वापरू शकतो. पण ते किंवा त्याचे मूल्य परत करण्याचे दायित्व त्याच्यावर राहते. त्या प्रकरणात पतीने पत्नीला २५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

सोने मोडून फ्लॅटचा इसार दिला असेल, तर सराफाची पावती आणि त्याच सुमारास बँकेत झालेला भरणा या दोन कागदांना म्हणूनच मोठे मोल आहे.

शेजारच्या गोव्यातील रीत

कायदा याहून निराळा असू शकतो, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत आजही चालते. विवाहापूर्वी दोघांनी वेगळा करार नोंदविला नसेल, तर काही अपवाद वगळता लग्नाआधीची आणि नंतरची सर्व संपत्ती दोघांची सामायिक होते आणि प्रत्येकाचा तिच्यात निम्मा वाटा असतो. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला घर विकता येत नाही. या पद्धतीची दखल घेऊन १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ घालण्यात आले आणि पगार वगळता इतर उत्पन्न पती-पत्नींत समान विभागले जाऊ लागले. तेथे लग्नापूर्वीचे घर एकट्याचे ठेवावयाचे असेल, तर तसा करार विवाहाआधीच करावा लागतो. महाराष्ट्रात नेमके उलटे आहे : घर दोघांचे करावयाचे असेल, तर तसा कागद मुद्दाम करावा लागतो.

महाराष्ट्रानेही त्या दिशेने पावले टाकली आहेत. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमीन पत्नीच्या नावे केली. २००३ मध्ये राज्य शासनाने ‘घर दोघांचे’ ही कल्पना आणून ग्रामपंचायतीच्या दफ्तरी घरावर पती-पत्नी दोघांचीही नावे लावण्यास सांगितले. खेड्यातील शेतकऱ्याने जे केले, ते शहरातील व्यापाऱ्याला अवघड वाटण्याचे कारण नाही.

सलोख्याच्या काळातील कागद

उपाय कठीण नाहीत. ते योग्य वेळी करण्याचे आहेत.

लग्नापूर्वीच्या घराचे खरेदीखत, इसाराच्या पावत्या आणि कर्जखात्याचा विवाहाच्या तारखेचा उतारा वेगळा जपून ठेवावा. पतीने घेतले असो वा पत्नीने, हा नियम दोघांना सारखाच.

लग्नानंतर जोडीदार हप्त्यात भर घालणार असेल, तर रक्कम थेट त्याच्या खात्यातून कर्जखात्यात जावी. ती भेट आहे, उसनवार आहे की मालकीचा वाटा आहे, हे एका साध्या लेखी टिपणात दोघांच्या सहीने नमूद व्हावे. मालकीचा वाटा द्यावयाचा असेल, तर टिपण पुरेसे नाही. नोंदणीकृत दस्तच लागतो.

महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि दिवंगत मुलाची पत्नी यांना निवासी घर बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. इतर उपकर व नोंदणी खर्च वेगळा. हयात मुलाच्या पत्नीला सासऱ्याने थेट दिलेल्या घरास मात्र ही सवलत नाही. घरावर बँकेचे कर्ज असल्यास बँकेची पूर्वसंमती घ्यावी. आणि बक्षीसपत्र एकदा झाले की पुढे बेबनाव झाला म्हणून ते मागे घेता येत नाही, हे उभयतांनी जाणूनच सही करावी.

सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या सुनेचे नाव खरेदीखतावरही यावे, किंवा मग तिची सही घेऊ नये. जबाबदारी आणि हक्क यांची फारकत करणारा व्यवहार कोणत्याही पेढीत मान्य होणार नाही; तो घरातही होऊ नये.

परस्परसंमतीने विभक्त होताना घर एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असेल, तर त्या घराचा उल्लेख मूळ अर्जात आणि समझोत्यात सविस्तर असावा. दाव्याचा विषय असलेल्या मिळकतीसंबंधीच्या तडजोडीच्या हुकूमनाम्यास नोंदणी कायद्यात सूट आहे. दाव्याबाहेरच्या मिळकतीस ती नाही. कर्ज कोण फेडणार आणि बँकेकडून दुसऱ्याची मुक्तता किती दिवसांत आणली जाणार, हेही त्याच समझोत्यात यावे.

मुलीच्या वडिलांसाठीही एक हिशेब शिल्लक राहतो. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने मुलीला जन्मतःच सहदायाद मानले. वडील २००५ पूर्वी वारले असले तरीही. सासरचे घर सुटलेल्या मुलीचा वडिलोपार्जित घरात हिस्सा आहे, तो भावांचा उपकार नव्हे. लग्नात खर्च केला, आता तुझे काही उरले नाही, असे सांगून हक्कसोडपत्रावर तिची सही घेणारी माणसे आपल्या मुलीच्या सासरकडून मात्र न्यायाची अपेक्षा करतात.

श्रावकाच्या अणुव्रतांत अदत्तादानाचा त्याग सांगितला आहे : जे दिलेले नाही, ते घेऊ नये. सामान्यतः त्याचा संबंध दुकानातील मापाशी आणि तराजूशी जोडला जातो. परंतु सुनेचे दागिने स्वतःच्या लॉकरमध्ये अडकवून ठेवणे, तिने भरलेले हप्ते नाकारणे, अथवा पतीने आपल्या श्रमातून उभ्या केलेल्या घरावर खोटा हक्क सांगणे, या तिन्ही गोष्टी त्याच व्रताच्या मर्यादेत येतात. नाते टिकविणे नेहमीच माणसाच्या हातात नसते. कोणाचे काय आहे, हे दोघांची मने जुळलेली असतानाच स्वच्छ लिहून ठेवणे हातात असते. दिवाळीच्या वहीपूजनाला जी कुटुंबे धंद्याचा हिशेब चोख मांडतात, त्यांनी त्याच दिवशी घराच्या कागदांचीही फाईल उघडून, नवरा-बायकोने शेजारी बसून ती एकदा वाचावी.